शुक्रवारची पवनचक्की

सातवीच्या मुलांनी ऊर्जेच्या धड्यासाठी पवनचक्क्या करून आणायच्या होत्या. मी अगदी स्पष्ट सांगितलं होतं की पुठ्ठा, काड्या, रिकामी बाटली, घरात मिळेल ते घ्या, स्वतः करा, वाऱ्यावर फिरली की झालं. सोमवारी बदलापुरातल्या बेलवलीच्या आमच्या शाळेत जवळजवळ अख्खा वर्ग एकच पवनचक्की घेऊन आला. हिरवा रंग दिलेला थर्माकोल, त्यावर एक कौलारू घर, घरासमोर प्लॅस्टिकची गाय आणि मधोमध पांढरी शुभ्र पवनचक्की. सगळ्यांच्या गाई एकाच दिशेला बघत होत्या.

उल्हासनगरच्या बाजारात शाळेचे प्रोजेक्ट तयार मिळतात, हे मला माहीत होतं. ज्वालामुखी मिळतो, सूर्यमाला मिळते, पचनसंस्थासुद्धा मिळते. पण इतके पालक एकाच रविवारी एकाच दुकानात गेले असतील असं वाटलं नव्हतं. रागावणार होते, तेवढ्यात म्हटलं आधी फिरतात का ते तरी बघू, चला खिडकीपाशी. पहिल्या बाकावरचा मुलगा जागचा हलला नाही. खिडकी कशाला बाई, इथेच फिरते, म्हणाला, आणि त्याने कौलारू घराच्या मागचं बटण दाबलं. मग सगळ्यांनी आपापली बटणं दाबली आणि वर्गभर घूं घूं सुरू झालं. थर्माकोलच्या पोटात पेन्सिल सेल होता.

एका मुलीने खुलासा केला की तिच्या आईनेही दुकानात, ही फिरेल ना, असं विचारलं होतं. दुकानदार म्हणाला, बहनजी, हवा नसली तरी चालेल, गॅरंटी आहे.

मला हसू आवरेना. वाऱ्याची गरज नसलेली पवनचक्की, तीही गॅरंटीसकट! मी खुर्चीत बसून डोळे पुसत होते आणि बाई हसतायत म्हणून मुलं हसत होती. त्या गोंधळात जांभूळ गावाहून येणारी एक मुलगी तेवढी गंभीर होती. तिने खरोखर स्वतः पवनचक्की केली होती. तेलाची बाटली कापून पाती काढली होती आणि ती एका काडीवर बसवली होती. बंद वर्गात ती अर्थातच फिरत नव्हती. तिने शेजारणीच्या पवनचक्कीसमोर हात धरून बघितला आणि मला विचारलं, "बाई, ही पवनचक्की आहे का पंखा?"

आठवडाभर हाच धडा पुरला असता, पण माझ्याकडे आठवडा नव्हता. शुक्रवारचे दोन जोड तास मी हाताने करायच्या गोष्टींसाठी भांडून मिळवले होते. काळ्या डब्यात उन्हावर रवा भाजून बघणं, शेणाच्या बाटलीवर फुगा लावून तो फुगायची वाट बघणं, असले उद्योग तेव्हा चालत. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, यांचा त्या तासांवर डोळा होता. त्यांना तिथे स्कॉलरशिपचा सराव हवा होता. फुगा वर्गातच फुटल्यापासून तर फारच हवा होता. येत्या शुक्रवारी संस्थेचे साहेब शाळा बघायला येणार होते. मोठ्या बाईंनी सरळ सांगितलं, साहेबांना या तासातून काही दिसलं तर तास राहील, नाहीतर पुढच्या आठवड्यापासून स्कॉलरशिप.

आता खरं सांगायचं तर मला ते दोन तास जिवापाड आवडायचे. ते गेले असते तरी मी शिकवत राहिले असते, पण सकाळी शाळेत यायची एवढी घाई झाली नसती.

मग आम्ही सगळ्या तयार पवनचक्क्या फोडल्या. सेल काढून एका डब्यात टाकले. आत जी इवलीशी मोटर होती, तिच्यात खरी गंमत होती. तिला वीज दिली की ती फिरते आणि तिलाच जोरात फिरवलं की ती वीज देते. जांभूळच्या मुलीच्या पद्धतीने सगळ्यांनी बाटल्यांची पाती कापली, मोटरच्या दांडीवर बसवली, तारांना एकेक लाल एलईडी जोडला. बुधवारी गच्चीवर गेलो तर खाडीकडून छान वारा सुटला होता. निम्मे दिवे लागले, निम्मे लागले नाहीत. न लागलेल्यांच्या तारा उलट जोडल्या तर तेही लागले. पोरांनी एवढा आरडाओरडा केला की खालून शिपाई मामा काय पडलं ते बघायला वर आले. गाई सगळ्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या. तिथेही त्या एकाच दिशेला बघत होत्या.

शुक्रवारी वारा पडला. साधा पडला नाही, पार बेपत्ता झाला. गच्चीवरच्या दोरीवरचं फडकंही हलेना. मी डोक्याला हात लावून बसले, तर मोठ्या बाई स्वतः धावून आल्या. तास बंद करायला निघालेली बाई ऑफिसातला उभा पंखा ढकलत वर्गात घेऊन आली, यावरून त्या मनाने कशा आहेत ते समजावं. साहेबांसमोर शाळेची शोभा व्हायला नको, एवढंच त्या म्हणाल्या. पंखा लावला, पवनचक्क्या फिरल्या, दिवे लागले. जांभूळच्या मुलीने तोंड वाकडं करून विचारलं की बाई, मग सेलमध्ये काय वाईट होतं. मी तिला गप्प बसवलं.

तेवढ्यात पंखा मंदावला आणि थांबला. मी मोठ्या बाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. शुक्रवार. आमच्याकडे शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे बदलापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी इथेच खरवईला राहते. त्याच दिवशी सकाळी लवकर उठून, आज शुक्रवार आहे म्हणून, मी मिक्सरमधून चटणी काढून घेतली होती, पाण्याची टाकी भरून घेतली होती, मोबाईल चार्ज केला होता. आणि शाळेत येऊन विजेच्या पंख्यावर भरवसा ठेवला होता. मोठ्या बाईंनीही म्हणे घरी इस्त्री पहाटेच उरकली होती.

साहेब आले तेव्हा शाळाभर पोह्यांचा वास सुटला होता. पाहुणे येणार म्हणून सगळ्या वर्गांना पोहे होते आणि माझा वर्ग नुकताच दोन-दोनदा घेऊन बसला होता. साहेब अंबरनाथच्या कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, उंच, शिस्तीचे, खिशाला दोन पेनं. त्यांनी टेबलांवरच्या पवनचक्क्या एकेक करून पाहिल्या, मोटर कुठे आहे, तार कुठे जाते ते वाकून पाहिलं आणि विचारलं की फिरत का नाहीत. मी सांगितलं, वारा नाही. वारा आत्ता येईल, असंही मी म्हणाले, जणू तो लोकलने डोंबिवलीपर्यंत पोचला होता. साहेब घड्याळाकडे बघायला लागले. संपला आपला शुक्रवार, असं मी मनात म्हटलं.

तेव्हा जांभूळची मुलगी उठली, आपली पवनचक्की छातीसमोर धरली आणि दारातून व्हरांड्यात पळाली.

आमचा व्हरांडा चांगला लांब आहे आणि वीज नसली की त्यात अंधार असतो. भिंतीवर मोठ्या बाईंनी रंगवून घेतलेली पाटी आहे, व्हरांड्यात धावू नये. त्या पाटीखालून ती पोरगी सुसाट गेली आणि मधल्या खांबापाशी तिच्या हातातला लाल दिवा लागला. "वारा नाय तर आपण जायाचा वाऱ्याकडे," ती तिकडून ओरडली. पुढचं मला सांगता येणार नाही, कारण तोवर अख्खा वर्ग माझ्या अंगावरून गेला होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे, अंधारात नुसते लाल दिवे पळत होते. सहावीची मुलं दारात येऊन टाळ्या पिटत होती. मोठ्या बाईंनी पोरांना थांबवायला हात वर केला होता आणि तो तसाच वर राहिला होता. मीही एक पवनचक्की उचलली. साडीचा पदर खोचून मी किती फेऱ्या मारल्या ते मला आठवत नाही. मी फार आनंदात होते.

साहेबांनी जांभूळच्या मुलीला अडवलं. ती धापा टाकत होती. त्यांनी परीक्षेतल्यासारखं विचारलं, "हे कोणत्या ऊर्जेवर चालतंय?"

"पोह्यांवर, सर."

"आणि पोहे?"

"पोहे भाताचे. आमच्या शेतात भात होतो ना, तो उनावर होतो." मग तिला काहीतरी सुचलं आणि ती स्वतःच हसली. "म्हणजे हा दिवा सूर्यावर लागला, सर. अंधारात."

साहेबांनी खिशातली दोन्ही पेनं काढून मोठ्या बाईंच्या हातात दिली, त्या मुलीची पवनचक्की घेतली आणि धावायला लागले. धावणं म्हणजे भरभर चालणंच होतं ते, पण पाती फिरली आणि दिवा मिणमिणला. पोरं दोन्ही बाजूंनी त्यांच्याबरोबर धावत होती. पाटीखाली पोचेपर्यंत त्यांचा दम संपला, ते भिंतीला टेकले आणि दिवा विझला.

"माझे पोहे संपले," ते मोठ्या बाईंना म्हणाले. "अजून आहेत का?"

पोहे होते. साहेबांनी ते आमच्या वर्गात बाकावर बसूनच खाल्ले, पण तासाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मोठ्या बाईही बोलल्या नाहीत. मला रविवारी रात्रभर झोप लागली नाही. सोमवारी व्हरांड्यात शिरले तर पाटी तिथेच होती, व्हरांड्यात धावू नये. तिच्याखाली मोठ्या बाईंच्या अक्षरात, ताज्या रंगाने, दोन शब्द वाढले होते: शुक्रवार सोडून.