मद्रासला जन्मलेली

चूक माझीच होती. केंब्रिजच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये दर शनिवारी समोर बसणाऱ्या वृद्ध गोऱ्या बाईंना मी विचारलं, "कोणाला शोधताय?"

"अठराव्या शतकातल्या माझ्या एका पूर्वज बाईचं कुटुंब. ती मद्रासला जन्मली होती."

"म्हणजे मडम! आम्हाला लुटलंत, आणि आता कौतुकानं वंशावळ काढताय?"

त्या कागदाला बोट न लावता ओळीखालून हवेतच पेन्सिल फिरवायच्या. पेन्सिल थांबली.

"कसली मडम? साध्या शिपायाची विधवा होती ती. इथल्या चर्चच्या नोंदीत तिच्या लेकराचा बाप्तिस्मा एका गावात आहे, दफन दुसऱ्याच गावात. का, ते इथं वाचा."

त्या काळी गरिबाला कोणत्या गावानं पोसायचं, हे ठरवण्यासाठी घेतलेली तिची जबानी त्या कागदावर होती.

"तू कुठली, असं प्रत्येक गावानं विचारलं. ठेवून घ्यायला नव्हे हो, हाकलायला! तान्ह्या लेकरासकट!"

त्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली. मलाही चीड आली, गावांची आणि स्वतःची. 'तू कुठला?' हा प्रश्न इथं मलाही विचारतात. त्यातला काटा मला ओळखू येतो. तरी जन्मगाव ऐकताच मी तिला झिडकारलं होतं.

"माफ करा," मी म्हणालो, "तिला हाकलणाऱ्यांत आज मीही होतो."