साहेबांची नोटशीट

माझ्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या आतोबांनी, उभ्या आयुष्यात नोटशीट फिरवल्याशिवाय एकही निर्णय घेतलेला नाही, असं इंदूरमधले आमचे सगळे नातेवाईक छातीठोकपणे सांगतात. सरकारी कचेरीतून बडे बाबू म्हणून ते रिटायर झाले आणि येताना कचेरी घरी घेऊन आले. मिक्सर घ्यायचा असो की गच्चीला रंग द्यायचा असो, आतोबा कोरा कागद घेतात, डावीकडे समास सोडतात, वर अस्सल सरकारी हिंदीत विषय लिहितात आणि तो कागद घरातल्या प्रत्येकाकडे ‘अभिमत हेतु’ पाठवतात. आपण मत लिहून सही करायची. शेवटची सही आतोबांची. मिक्सरचा कागद फिरून येईपर्यंत आत्या पाट्यावर चटण्या वाटत होती. “माझ्या वेळी कागद सासूबाईंच्या हातात होता, म्हणून लग्न तरी झालं,” असं ती म्हणते.

साहेब हा त्यांचा पोपट. वीसेक वर्षांपूर्वी पंख दुखावून गॅलरीत पडला आणि पंख बरा झाल्यावरही गेला नाही. नाव आतोबांनीच ठेवलं. नोकरीभर साहेबांपुढे उभं राहिल्यावर एक साहेब आपल्या हातून खातोय, याचं त्यांना कोण सुख. आणि खायचा काय, तर रोज सकाळी आतोबांच्याच बशीतले पोहे, त्यावर शेव आणि चिमूटभर जीरावन मसाला.

मग साहेबांच्या पोटावर सुपारीएवढी गाठ आली. मी दोघांना गाडीतून डॉक्टरांकडे नेलं. पोपट काय खातो, असं त्या तरुण डॉक्टरांनी विचारल्यावर आतोबांनी सगळं अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“अंकलजी, तोता है ये. सेंव-पोहे थोड़ी खाएगा.”

“अठारह साल से इंदौर में है भिया, और क्या खाएगा?”

डॉक्टर हसले, पण मग त्यांनी नीट समजावलं. गाठ काढायची तर भूल द्यावी लागेल आणि या वयात तो भुलेतून उठेलच, असं नाही. नाही काढली तर दोन-तीन महिने, तेही त्रासाचे. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या स्वतःच्या पोह्यांवरची शेव बंद झाली.

अर्थात कागद निघाला. विषय: ‘साहब की शल्यक्रिया के संबंध में’. ज्या पक्ष्याच्या ओरडण्याने अठरा वर्षं दुपारची झोप गेली म्हणून आत्या रोज त्याचा उद्धार करायची, त्याच्याबद्दल तिने लिहिलं, “करावी. घर सुनं होईल.” बंगळुरूच्या मुलीचा मेसेज आतोबांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून ‘संलग्न एक’ म्हणून जोडला: “बाबा, त्याला त्रास होत असेल तर ओढू नका.” शेवटच्या सहीची जागा मात्र चार दिवस कोरी राहिली. पाचव्या दिवशी साहेबांनी खाणं सोडलं आणि आतोबा कागद घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

“तू कर सही.”

“आतोबा, पोपट तुमचा आहे.”

“इसीलिए तो माझ्याकडून होत नाहीये, बेटा.” मग हळूच म्हणाले, “तुझ्या बाबांच्या वेळी तुझ्याकडून तरी कुठे झाली होती?”

खरं होतं ते. नऊ वर्षांपूर्वी बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनचा फॉर्म मी नुसता पुन्हापुन्हा वाचत बसले होते. आतोबांनी तो काढून घेतला. विषय नाही, समास नाही, कुणाचं अभिमत नाही. भिंतीला टेकवून सही केली आणि मला खाली चहाला नेलं. त्यानंतर बाबा सहा वर्षं आमच्यात होते. त्या सहीबद्दल मी आतोबांचे आभार कधी मानले नव्हते. घरच्या माणसाला तसं कोण म्हणतं? मी ‘करावी’ लिहिलं आणि सही केली.

साहेब भुलेतून उठले आणि पहिल्याप्रथम डॉक्टरांच्या बोटाला चावले. पुढे चौदा महिने दाणे आणि पेरू खाऊन जगले, आत्याची दुपारची झोप मोडत. गेल्या थंडीत एका सकाळी गेले. आतोबांनी कागदावर ‘प्रकरण समाप्त’ लिहिलं आणि तो कपाटात ठेवला.

मी अजून रविवारी त्यांच्याकडे जाते. आतोबा पोहे कोरेच खातात आणि शेवेचा डबा माझ्याकडे सरकवतात. “तू घे ना, तुला कुणी मना केलंय?” त्यांना बघायला आवडतं, म्हणून मी दोनदा घेते.