पुनाजी चाबीवाल्याचं मोहाचं झाड

मालगाडीच्या डब्यांतून ज्वारी गळायची. एखाद्या पोत्याला भोक असलं की मैलभर रुळांमध्ये दाण्यांची बारीक रेघ पडायची. पुनाजी ती वेचत जायचा.

खांद्यावर लांब दांड्याची हातोडी, कमरेला पाना, काखेत दोन झेंड्या. लाईनवर त्याला चाबीवाला म्हणत. रुळाला जागच्या जागी घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पाचरी असतात, त्या चाब्या. रोज पहाटे त्या पाहत जायचं, ढिली दिसली की ठोकायची. चार मैल जायचं, चार मैल यायचं. दाणे वेचायला कुणी सांगितलं नव्हतं. पण दाण्याला मोर यायचे, चितळं यायची, आणि वळणावरून गाडी यायची. म्हणून तो वाकायचा. वेचलेले दाणे धोतराच्या सोग्यात बांधायचा आणि कुंपणापलीकडे दूर जंगलात फेकायचा.

"रेल्वेनं चाबीवाला ठेवला का कोंबडी?" गँगचा मुकादम चंद्रभान सगळ्यांदेखत विचारायचा.

"कोंबडी पोटात घालते, भाऊ. म्या तं फेकतो."

ही लाईन हिंगणीच्या वरच्या अंगाला, सागाच्या डोंगराला चिकटून जायची. डोंगर एका बाजूला, नाला दुसऱ्या बाजूला. पुनाजीचा सासरा जंगलू लाईन टाकताना मजूर होता. तो सांगायचा, "जनावरं डोंगरात राह्यतात, पानी नाल्यात हाय. लाईन मंधात आली. जनावराले कोनी नोटीस देल्ली नाई."

जनावरं जुन्याच वाटेनं येत राहिली. वर्षाला दहा-बारा तरी गाडीखाली जात. गँगची माणसं मटण वाटून घेत. पुनाजी घेत नसे. तो सागाची चार पानं तोडून जनावराच्या डोळ्यांवर ठेवायचा, गोंडीत काहीतरी पुटपुटायचा आणि पुढच्या चाबीकडे जायचा.

त्याच्या चार मैलांत एक मोहाचं झाड होतं.

लाईन टाकताना त्या पट्ट्यातली बाकी सगळी झाडं कापली गेली. हे राहिलं, कारण कुऱ्हाडी हाती असलेले सगळे मजूर गोंड होते. मोहावर घाव कोण घालणार? ठेकेदार आधी ओरडला, मग कंटाळला. झाड रेल्वेच्या जागेत, रुळापासून वीस पावलांवर उभं राहिलं. जंगलूनं लेकीच्या लग्नात ते लेकीला दिलं. कागद नव्हता. पंचांदेखत त्यानं बुंध्याला हळद लावली, झालं. त्या दिवसापासून त्याची फुलं वेचायचा हक्क धुरपताचा, म्हणजे पुनाजीच्या बायकोचा.

त्याच झाडाखाली अकरा वर्षांपूर्वी त्यांनी आपली मुलगी ठेवली होती. सव्वीस दिवसांची. नाव ठेवायचं राहूनच गेलं. दूध पिणारं लेकरू गेलं की त्यांच्याकडे मोहाखाली पुरत. मोहाच्या सालीत दुधासारखा चीक असतो. लेकरू उपाशी राहत नाही.

तिथली एखादी चाबी ढिली असली तर पुनाजी आधी दोन हलके ठोके द्यायचा, मग जोराचा. झोपलेलं माणूस दचकू नये म्हणून.

वर्धा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा, सत्तावन्न सालचा. होळी नुकतीच झाली होती. मोहाची फुलं गळायला लागली होती. आणि त्या झाडासमोर पाच दिवसांत तीन जनावरं गेली. दोन चितळाच्या माद्या. तिसरं सांबर, एवढं मोठं की इंजिनाखालचा पाईप तुटला आणि पहाटेची पॅसेंजर दोन तास उभी राहिली.

गाडी थांबली की साहेब येतो. ओमप्रकाश नावाचे नवे इन्स्पेक्टर ढकलट्रॉलीवरून आले. वय कोवळं, बूट नवे. त्यांनी रक्त पाहिलं, झाड पाहिलं, खाली पडलेली फुलं पाहिली.

"ये पेड़ किसका है?"

"जमीन तो रेल्वे की है, साब," चंद्रभान म्हणाला. "फूल इसकी घरवाली बीनती है."

"फूल गिरते हैं, जानवर आते हैं. सोमवार को काट डालो. ये लोग न काटें तो बाहर से आदमी बुलाओ."

ट्रॉली निघून गेली. त्या दिवशी गुरुवार होता.

संध्याकाळी पुनाजीनं धुरपताला सांगितलं. ती भाकरी थापत होती. भाकरी परातीतच राहिली.

"साहेबाले सांगतलं का, तिथी कोन हाय ते?"

"नाई."

"काऊन?"

"सांगतलं असतं तं त्यानं कीव केली असती. कीव करून सांबर वाचत नाई वो. उद्या अजून एक मरन. मंग?"

तवा तापून धूर निघाला. मग ती म्हणाली, "फुलं तं साऱ्याच मोहाखाली पडतात. नाल्यावर सात मोह हायत. मराले ह्याच झाडापाशी काऊन येतात?"

प्रश्न बरोबर होता.

शुक्रवारी गस्त संपल्यावर तो परत फिरला आणि आधी नाल्यावर गेला. तिथल्या मोहांचा मालक समुद्रपूरकडे कामाला गेला होता. यंदा तिथं कुणी हात लावला नव्हता. घोट्याएवढा वाळका पाला, त्यात फुलं. एका जागी अस्वलानं उकरलं होतं. चितळाचे खूर मोजके, तेही पाण्याकडे सरळ गेलेले.

मग तो आपल्या झाडाशी आला आणि उकिडवा बसला.

दर साली शिवरात्रीच्या सुमाराला तो झाडाखालचा पाला पेटवायचा. सगळेच मोहवाले पेटवतात. पाला पिवळा, फूल पिवळसर. पाल्यात फूल सापडत नाही. जमीन जाळून काळी केली की तव्यावर लाह्या पडाव्यात तशी फुलं दिसतात. बाप असंच करायचा, सासरा असंच करायचा. पण ते झाडाच्या सावलीपुरतं जाळायचे. यंदा धुरपताला बारीक दिसेनासं झालं होतं. सुईत दोरा जात नव्हता. म्हणून पुनाजीनं जाळ मोठा केला. वाऱ्यानं उडालेलं फूलसुद्धा तिला दिसावं म्हणून पार रुळाच्या खडीपर्यंत नेला.

आता त्या काळ्या जमिनीतून कोवळं गवत वर आलं होतं. बोटभर, हिरवंगार. सगळा डोंगर वाळलेला आणि एवढाच तुकडा ओला. त्याच्यावर खुरांवर खूर होते. फुलं कित्येक ठिकाणी तशीच पडली होती. गवत मात्र मुळापर्यंत खाल्लेलं.

जनावर फुलाला आलं नव्हतं. गवताला आलं होतं. आणि ते गवत त्यानं उगवलं होतं, एक काडी लावून.

तो तिथंच बसून राहिला. सांबराचे डोळे त्यानंच झाकले होते.

घरी येऊन त्यानं सांगितलं तेव्हा धुरपता दारात उभी होती.

"माह्या डोळ्यापायी?" ती म्हणाली.

"तुह्या डोळ्याले बोल नको लावू. काडी म्या लावली."

"मंग आता?"

"साहेबाले सांगतो. झाडाचा गुन्हा नाई म्हनून."

चंद्रभानला हे कळलं तेव्हा त्यानं डोक्याला हात लावला. "अबे पुन्या, येडा झाला का? लाईनीपाशी आग लावली म्हनून सांगशीन? झाड गेलं तं जाईन. चाबी हाय तं तू हाय. चवदा साल झाले तुले या चाबीवर!"

"झाड जाऊन जमत नाई, मुकादम."

"काऊन जमत नाई?"

पुनाजीनं झाडाच्या दिशेला पाहिलं. चंद्रभान याच भागातला माणूस. मोहाखाली कुणाला ठेवतात हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "जाजो. पन मले इचारून गेलता असं सांगजो नको."

शनिवारी पुनाजी सात मैल चालून स्टेशनवर गेला. साहेब चहा पीत होते.

"आग तूने लगाई? लाइन के किनारे?" त्यांनी कप खाली ठेवला. "मालूम है इसका क्या होता है?"

"मालूम हाय, साहेब. झाडाची गलती नाई. माही हाय. कापाचं तं मले कापा."

साहेबांचा विश्वास बसला नाही. झाड वाचवायला रचलेली गोष्ट वाटली. पण माणूस आपली नोकरी घालवायची गोष्ट कशाला रचेल, हेही त्यांना कळेना. रविवारी सकाळी ते ट्रॉली घेऊन आले. धुरपता झाडापाशी आधीच उभी होती, डोक्यावर पदर घेऊन.

पुनाजीनं त्यांना नाल्यावर नेलं. सात मोह दाखवले. पाला बाजूला करून फुलं दाखवली, खूर नाहीत ते दाखवलं. मग परत आणून गवत दाखवलं. साहेब नव्या बुटांसकट खाली बसले. त्यांनी खाल्लेल्या गवताचा एक ठोंब उपटला, बोटांत फिरवला. त्यांना जंगल कळत नव्हतं. पण एवढं दिसत होतं.

"गवत खणून काढा," ते उठून म्हणाले. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "आगे से यहाँ कभी आग नहीं. पेड़ रहने दो."

धुरपतानं डोळे मिटले.

"लेकिन तू चाबी पर नहीं रहेगा. कल से चाबी गैंग का गुलाब देखेगा. तू गैंग में."

पुनाजीनं खांद्यावरची हातोडी उतरवली आणि ट्रॉलीवर ठेवली. तिच्या दांड्याला त्याच्या हाताची जागा पडली होती.

साहेब निघता निघता थांबले. "इतना क्या है इस पेड़ में?"

धुरपता म्हणाली, "घरचं मानूस हाय, साहेब."

साहेबांना वाटलं, ही बोलायची रीत. ते मान हलवून गेले.

सोमवारी गँग आली. कुऱ्हाडीऐवजी फावडी आणि कुदळी होत्या.

"रेल्वेत लागलो तवा वाटलं नव्हतं, रेल्वेचं निंदन करा लागन," चंद्रभान ओरडत होता. "चाला रे, गवत खनाले जल्म घेतला आपन!"

माणसं हसत होती, खणत होती. खडीपासून झाडाकडे सरकत आली. बुंध्याच्या उगवत्या बाजूला पुनाजी आडवा बसला होता. तिथलं गवत तो हातानं उपटत होता, एक एक काडी. जवळ आलेल्यानं कुदळ उचलली. चंद्रभाननं त्याचा हात धरला.

"तिथी नाई. तिथलं त्याचं तो काढते."

मग स्वतः चंद्रभाननं फावडं बाजूला टेकवलं. पुनाजीशेजारी बसला आणि हातानं गवत उपटू लागला.

त्या साली पुढे त्या जागी जनावर मेलं नाही. दुसरीकडे मेली. मैल-दीड मैलावर एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर, गेला, पावसाच्या तोंडावर एक मोर. लाईन लाईनच होती.

पुनाजी आता गँगबरोबर असायचा. काम नेतील तिथं जायचं, दहा जणांबरोबर रुळाखाली खडी ठोकायची. कधी आठ-आठ दिवस झाडाकडे जाणं व्हायचं नाही. चौदा वर्षांत एक पहाट चुकली नव्हती. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही. पण संध्याकाळी हातपाय धुऊन चुलीपाशी बसला की तो विचारायचा.

"आज कसं होतं तिथी?"

"पाला लय पडला. डोळ्यानं काई दिसत नाई." धुरपता टोपली पुढे सरकवायची. फुलं पूर्वीच्या अर्धीसुद्धा नसायची. "हातानं चाचपून वेचते. पाला कोरडा लागते, फूल गार लागते. येळ लागते, पन येतं."

"चितळं?"

"आलते चार. पानी पिऊन गेले. थांबलं नाई कोनी."

"रुळावर?"

"सांगतलं ना, थांबलं नाई."

तो चुलीतलं लाकूड उगाच आत सारायचा. त्याला अजून काही विचारायचं आहे हे तिला कळायचं. तीही लगेच सांगायची नाही. फुलं निवडत बसायची. एक दिवस तिनंच म्हटलं, "इचारत होती तुमाले."

"कोन?"

"कोन म्हंजे? तुमची लेक. म्हने, बाप काऊन येत नाई आताशा."

पुनाजीनं मान वर केली नाही. "मंग तू काय सांगतलं?"

"सांगतलं, तुह्या बापानं मोठा गुन्हा केला. साहेबानं त्याले खडी ठोकाले पाठवलं."

"असं सांगतलं?"

"मंग काय खोटं सांगू लेकराले?" धुरपतानं पदरानं तोंड पुसलं. "पन रविवारी सुट्टी असते म्हटलं. रविवारी बाप येते म्हटलं."

पुनाजी हसला, मग तीही. अकरा वर्षांत त्या मुलीवरून ते दोघं पहिल्यांदाच असं हसले.

"रविवारी लवकर उठव मले," तो म्हणाला आणि भाकरी घेतली.