राईस मिलमधले मुके कॉल

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी हसू येतं, मग वाटतं, थोडक्यात बचावलो. तेव्हा मी तुमसर भागात ठाणेदार होतो.

दसरा उलटला आणि पोलिसांच्या मदतीच्या एकशे बारा क्रमांकावर एका राईस मिलच्या लँडलाइनवरून मुके कॉल येऊ लागले. फोन लागायचा, पलीकडून कोणी बोलायचं नाही. असा कॉल सोडून देता येत नाही. बोलणाऱ्याचा गळा कोणी दाबून धरलेला असू शकतो. त्यामुळे दर वेळी गाडी पळायची आणि मिलच्या फाटकावरून हात हलवत परतायची. एकदा गाडी तिकडे गुंतली आणि मोहाडी रस्त्यावरच्या अपघाताला पोचायला उशीर झाला. जखमी वाचला, पण माझं डोकं फिरलं.

खबर चहाच्या टपरीवर मिळाली. मिलमधल्या एका हमालाने आमच्या जमादाराला सांगितलं, की फोनवर बसणारी पोरगीच हे करते, मालक तिला रागावले होते म्हणून. मालकांचंही तेच म्हणणं. गुन्हा दाखल करा म्हणून ते ठाण्यात ठाण मांडून बसायचे. पोरगी मोहाडीकडच्या धान पिकवणाऱ्या घरातली. पोलीस भरतीत तिची नुकतीच निवड झाली होती, चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. गुन्हा नोंदवला असता तर वर्दी गेलीच म्हणून समजा.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला अंमलदाराला घेऊन मी तिच्या घरी गेलो. फिरवून फिरवून प्रश्न विचारले. खोटं बोलणारा माणूस बहुधा उत्तर सजवतो. ही मात्र माहीत नसेल तिथे सरळ माहीत नाही म्हणायची. तिचा बाप दारात मान खाली घालून उभा होता. शेवटी ती म्हणाली, "सायेब, मले वर्दी पायजे. मी एकशे बाराले कायले त्रास देईन?"

जबाब चालू असतानाच नियंत्रण कक्षाचा फोन आला. मिलमधून पुन्हा मुका कॉल.

तिचा साथीदार असेल, असं मालक म्हणाले. मग मी नागपूरहून टेलिफोन यंत्रणेचा इंजिनिअर बोलावला. गडी भारी बोलका, पण कामात चिकट. त्याने टेबलांवरचे सगळे फोन काढून ठेवले. हे फोन जोडलेल्या भिंतीवरच्या टेलिफोनच्या पेटीत बाहेरची लाइन जिथे जोडतात, तो ट्रंक पोर्ट तेवढा चालू ठेवला. ऑफिसला कुलूप लावून आम्ही पंचांसह अंगणात बसलो. बॉयलर सुरू झाला, उकड्या तांदळाची वाफ खिडकीतून आत शिरली आणि थोड्याच वेळात नियंत्रण कक्षातून माझ्या मोबाइलवर फोन आला. पुन्हा मुका कॉल. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

इंजिनिअरने तीच लाइन शेजारच्या पोर्टात घातली, कॉल बंद. पहिल्यात परत घातली, कॉल सुरू. लाइन निर्दोष, पोर्ट आरोपी. सर्किट बोर्ड बाहेर काढला, तर त्या पोर्टाच्या जोडांवर वाळलेला चिकट थर होता आणि त्यात कुंकू.

दसऱ्याला मिलमध्ये मशीनची पूजा होते. त्या वर्षी बॉयलर आणि वजनकाट्यासोबत टेलिफोनच्या पेटीलाही मान मिळाला होता. नारळाचं पाणी फटीतून आत गेलं होतं. तो थर वाफेने ओलसर झाला की लाइन आपोआप उचलली जायची आणि जुन्या डायलच्या फोनसारखे तुटक झटके जायचे; जितका आकडा, तितके झटके. एक, एक, दोन या आकड्यांना झटके अगदी थोडे लागतात, म्हणून ते जुळून यायचे.

"नारळ त म्याच फोडला जी," मालक हळूच म्हणाले.

एकेक जोड सुटा करून पाहिल्याशिवाय त्या इंजिनिअरने कोणालाच दोषी धरलं नाही. तपास असाच करायचा असतो. माणसावर संशय घ्यायला कष्ट पडत नाहीत, म्हणून आपण तिथूनच सुरुवात करतो. पुढे हाताखालच्या प्रत्येक अंमलदाराला मी हे सांगत राहिलो.

पडताळणीत प्रतिकूल काहीच गेलं नाही. प्रशिक्षण संपवून ती खाकीत मला भेटायला आली, बापही सोबत होता. तो आभार मानेल असं वाटलं. पण तो म्हणाला, "सायेब, त्या दिवशी मले बी पोरीवर शंका आली होती."

पोरगी हसली. "मले मालूम होतं, बाबा. बापाले बी शंका आली, तरी सायेब मशीन खोलून पाहेपर्यंत थांबले, ते मी जलमभर इसरणार नाही."

ते एक वाक्य गाठीला बांधून मी पुढे समाधानाने निवृत्त झालो.