कुंभारणीचं घर

घरातले किडे मारण्याचं काम माझ्याकडं कधी आलं ते आठवत नाही, पण गेली वीस वर्षं मी ते मन लावून करतो. लातुरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, त्यामुळं मागच्या अंगणात निळे ड्रम भरून ठेवावे लागतात आणि डासांचं फावतं. पाणी यायच्या आदल्या दिवशी मी ड्रमचे तळ घासतो, भरल्यावर तोंडाला जुनं धोतर बांधतो. झुरळांसाठी बोरिक पावडर आणि साखर कणकेत मळून गोळ्या करतो. लिंबाच्या झाडावर मावा दिसला की साबणाचं पाणी मारतो. टोमॅटोवरच्या अळ्या सकाळी हातानं वेचतो. शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून गल्लीतले लोक काडेपेटीत किडा घालून आणतात आणि विचारतात, "सर, हे चावतंय का?" मला ते आवडतं. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे केलं ते न कळून केलं, असं कुणाला वाटू नये.

मागच्या वर्षी माझी लेक उपचारासाठी उदगीरहून आमच्याकडं राहायला आली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. डॉक्टर लातुरात, इंजेक्शनं रोजची. तीही शिक्षिका आहे, रजा टाकून आली होती. आमच्याकडं फवारायच्या विषालाही औषधच म्हणतात. त्या महिन्यात घरात दोन औषधं होती. तिचं फ्रीजच्या दारात, माझं न्हाणीघरातल्या फळीवर. औषध संपलं असं कुणी म्हटलं की कुठलं, ते विचारावं लागायचं.

ती आल्यावर आठ दिवसांत तिच्या खोलीतल्या खिडकीच्या चौकटीवर मातीचा एक गोळा दिसला. बारीक कमरेची, पिवळ्या पायांची माशी ड्रमखालच्या ओल्या जागेतून माती उचलून आणायची आणि थापायची. मी फडकं घेऊन निघालो तर बायकोनं अडवलं.

"राहू द्या हो. कुंभारीण हाय ती."

"पोरीला चावली म्हणजे?"

"तुम्हाला चावली का कधी? खामखा तिच्या मागं लागू नका. घर बांधून राहिली बिचारी." मग आवाज बारीक करून म्हणाली, "कुंभारीण ज्या घरात घर करती तिथं पाळणा हलतो. माझी आई म्हणायची."

लेक दारातच उभी होती. हसली. "मम्मी, आमच्या शाळेत तर वर्गावर्गात कुंभारणीची घरं आहेत. हेडसरांना सांगून ठेवते."

आम्ही तिघंही हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून तिनं ती खिडकी लावली नाही. पंखा एकावर ठेवायची आणि चहाचा कप घेऊन तिथंच बसायची. "पप्पा, आज तिसरी खोली काढली तिनं," असं मला सांगायची. मी नुसतं हं म्हणायचो.

मला ते बघवेना. इतक्या वर्षांत तिचा पडलेला चेहरा मी कितीदा तरी पाहिला होता. आता मातीच्या गोळ्यावर भरवसा ठेवून बसली आणि याही वेळी काही झालं नाही, तर तिला जास्त लागेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर तिला लागण्याची भीती नव्हती. ते मला बघावं लागेल, याची होती.

एका सकाळी मायलेकी तपासणीला गेल्या. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. माती दगडासारखी झाली होती, चार-पाचदा ठोकावं लागलं. गोळा फुटून कट्ट्यावर पडला. आत खण होते आणि खणांत बारीक हिरव्या अळ्या दाटून भरलेल्या. त्या मेलेल्या नव्हत्या. टोकानं स्पर्श केला की किंचित वळत होत्या. त्या मी लगेच ओळखल्या. माझ्या टोमॅटोवरच्याच होत्या. त्या महिन्यात मला सकाळी वेचायला अळ्याच मिळत नव्हत्या आणि ते मी माझं यश समजत होतो. एका खणात अळ्यांमध्ये भाताच्या शितासारखं पांढरं पिल्लू होतं. ते हललं.

मी सगळं वर्तमानपत्रात भरून ड्रममागं टाकलं. चौकट पुसली, स्क्रू ड्रायव्हर धुतला. तेवढ्यात कुंभारीण माती घेऊन आली. त्याच जागी उतरली, इकडं तिकडं चालली, उडाली, परत उतरली. आणलेल्या मातीचं तिनं काय केलं ते मी पाहिलं नाही. खोलीबाहेर आलो.

"पप्पा, घर कुठं गेलं?" लेकीनं आल्याआल्या विचारलं.

"वाऱ्यानं पडलं असेल."

त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. ती चौकटीकडं बघत राहिली. "असेल," म्हणाली. बायकोनं मला जेवायला वाढलं आणि आपलं ताट घेऊन लेकीच्या खोलीत जाऊन बसली.

तो उपचार लागू पडला नाही. त्याचा त्या गोळ्याशी काही संबंध नाही हे मला कळतं, पण कळून मन गप्प बसत नाही. लेक उदगीरला परत गेली. टोमॅटोवर पुन्हा अळ्या आल्या आणि मी रोज सकाळी वाटी घेऊन वेचत बसू लागलो.

यंदा त्याच चौकटीवर पुन्हा ओली माती दिसली. कुंभारीण तीच नसणार, त्या तेवढ्या जगत नाहीत. मी मागं जाऊन पाहिलं. ड्रमखालची जागा सुकली होती. तिथं तांब्याभर पाणी ओतलं आणि लेकीला फोन लावला. शाळेची मधली सुट्टी होती, मागं मुलांचा गोंगाट होता.

"मागच्या वर्षीचं ते घर वाऱ्यानं पडलं नव्हतं," मी म्हणालो. "मी मोडलं."



"माहीत आहे पप्पा. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर धुवून वाळत ठेवला होता. जन्मात कधी चहाचा कप विसळला नाही तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"मला वाटलं, तू त्याच्यावरच आस लावून बसशील."

"आस तर होतीच. ती काय त्या मातीत होती का? दिवसभर घरात पडून असायचे मी. समोर कुणीतरी नेमानं आपलं काम करतंय, ते बघून बरं वाटायचं. एवढंच. मी खुळी झाले असं तुम्हाला वाटलं, त्याचं लागलं मला."

"चुकलं माझं," मी म्हणालो. आमच्या घरात बापानं लेकीला असं म्हणायची पद्धत नाही.  तिनं विचारलं, "आता का आठवलं?"

"पुन्हा आली ती. दुसरी खोली चालू हाय."

"पुन्हा उपचार घ्यायचा का ते आमचं ठरलं नाही अजून. ठरलं तर तीच खोली द्या मला." घंटा वाजली. "फोटो पाठवा तिचा."

मी मोबाईल घेऊन खिडकीपाशी गेलो. स्टूल ओढलं तशी बायको स्वयंपाकघरातून आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"लांबूनच काढा," म्हणाली. "ओळखत असंल ती तुम्हाला."