टाकीवर लिहिलेला नऊ

फौजदारसाहेब माझ्या नवऱ्याला जीपमधी बसवून राहिले होते, लेकरू कडेवर किंचाळून राहिलं होतं अन् मी अनवाणीच मागं पळाले. ती सकाळ डोळ्यासमोरून हालतच न्हाई. गोरेगावाजवळ हळद शिजवायच्या शेडमधी वाफेची नळी फाटली, एक बाप्या भाजला. कोणीतरी ठाण्यात फोन केला, "वेल्डरचं काम कच्चं हाय." वेल्डर म्हंजे माझा नवरा. टाकीत नळ्यांची जाळी असती, नळ्यांतून वाफ जाती अन् भोवतालचं पानी उकळतं. ती जाळी त्यानंच जोडलेली.

ठाण्यात हवालदार म्हनला, "जोड पक्का असता तं इथं आला असता का, जावईबापू?"

फौजदार हसले न्हाईत. "नळी फाटली कुठं? जोडावर का मधी?"

"मला कुठं बघू देलं, साहेब," नवरा म्हनला.

मंग सगळे शेडवर गेले, मीबी गेले. बॉयलरचे इंजिनियर आलते. जोड समदे शाबूत, नळीचं पोट फाटलेलं! मला वाटलं, सुटला. इंजिनियरनं नळीची जाडी मोजली, रुंदी मोजली, पोलाद कोणतं इचारलं, नियमाचं पुस्तक उघडून गणित केलं. लोखंड किती सोसन हे फुटायच्या आधीच कळतं? मी तं बघतच राहिले.

"ही नळी सहा किलो दाबाची," इंजिनियर म्हनले. "टाकीवर नऊ काहून लिहिलं?"

शेडचा मालक म्हनला, "वेल्डरनंच लिहिलं. आमी नऊवर चालवली."

"नऊ तपासणीचा," इंजिनियर म्हनले. " थंड पान्यानं दीडपट दाबून बघतेत. रोजची वाफ सहाच्या वर न्हाई."

नवरा खाली बघून राहिला. टाकी करताना त्याला वाटलं होतं, पान्यात नऊ टिकलं तं वाफंतबी टिकन.

मालक उसळला, "न्हाई तं तुमी म्हनान, मीच लिहिलं!"

फौजदार माझ्याकडं वळले. "ताई, टाकी दाबून बघितली तवा तुमी तिथं होता म्हनं. आकडा कोणी लिहिला?"

मालकाचं नाव घेतलं असतं तं नवरा घरी आला असता. पन भाजलेल्याची बायको तिथंच उभी, तिच्याबी कडेवर लेकरू.

"ह्यांनीच," मी म्हनलं. "मी रंगाचा डबा धरला होता."

तवापासून एक कळलं, हात कितीबी चांगला असो, जाणत्याला इचारावंच लागतं. नवरा जामिनावर आलाय, जेवतो, पन माझ्याशी बोलत न्हाई. तुमी तिथं असता, तं कोणाचं नाव घेतलं असतं?