पिशवीच्या दोन्ही बाजूंना

अन्याय झाला माझ्या धाकट्या मावशीवर. गेल्या वर्षी घट बसायच्या आदल्या सोमवारी, भर सकाळी, तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती, नवऱ्याबरोबर टोळीतून ऊस तोडायला जायची. दोन लेकरं झालेली, तेव्हा आता तिला गर्भपिशवीचा उपयोग काय, असं सगळ्यांनी ठरवलं. सगळ्यांनी म्हणजे डॉक्टरने, तिच्या नवऱ्याने आणि माझ्या आईने. मी गप्प बसले, म्हणून मलाही त्यात धरा.

मी कार्यकर्ती आहे. श्रीगोंद्याकडच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर जाऊन बायकांच्या आरोग्याची पत्रकं वाटते, सभेत तावातावाने बोलते. पाळी, गर्भाशय, पांढरं जाणं हे शब्द परक्या बायकांसमोर माझ्या तोंडात अडत नाहीत. पण पाथर्डीकडच्या आमच्या घरात एक रीत आहे. असला विषय निघाला की बिनलग्नाच्या पोरीने उठायचं. कोणी हाकलत नाही. आई नुसती म्हणते, "जा गं, शेळीला पानी दाखव."

त्या रविवारी मावशी आमच्याकडे आली, तेव्हा शेळीचं पाणी पिऊन झालं होतं. तरी मी उठले. बादली घेऊन पत्र्याच्या आडोशाला उभी राहिले आणि पलीकडचं सगळं ऐकलं.

"आक्का, अंगावरनं पांढरं जातंय लई दिवस झालं. कंबर मोडून येती. डॉक्टर म्हनला, पिशवी सुजलीय, ठिवली तर कॅन्सर व्हईल."

"मग टाक की काढून. माजी काढली, मी मेले का?"

"तू कशाला मरतीस, तू आमाला मारशील," मावशी हसली. "पर भ्या वाटतंय गं."

"त्यात काय भ्यायचं? पाळीची कटकट बी जाईल. फडात तुजं हाल तरी कमी व्हतील."

पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गाने असतं, ते गोळ्यांनी बरं होतं, तपासणी केल्याशिवाय कॅन्सरचं नाव काढायचं नसतं. हे माझ्याच पत्रकात छापलेलं होतं. आत जाऊन चार वाक्यं बोलायची होती. मला लाज वाटली. पोरीला एवढं सगळं ठाऊक आहे, हे आईला कळेल याची लाज. दुसऱ्या दिवशी दोघी जीपने गेल्या आणि मी श्रीगोंद्याच्या एसटीत बसले.

ऊस तोडून मावशीची टोळी परतली ती उन्हाळा लागल्यावर. मावशी आली ती पदराने वारा घेतच. ऐन थंडीत कोपीत गोधडी फेकून द्यायची म्हणे. "मुकादम काय म्हनला ठाऊक हाय का? हिला मधी बसवा, शेकोटी नको पेटवायला. समदी टोळी हसली. मी बी हसले." मग आवाज खाली करून म्हणाली, "पर झोपच लागंना गं. गुडघं तर म्हातारीवानी बोलत्यात."

या खेपेला मी उठले नाही. तिला नगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं, आईही आली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "बीजांडकोषही काढलेत तुमचे, दोन्ही. सांगितलं होतं का कोणी?"

"पिशवी काढली म्हनले," मावशी म्हणाली. "तिच्यातच असतंय की समदं."

मला मान वर करवेना. आमच्या पत्रकावर चित्र होतं ते दोरीने तोंड आवळलेल्या पिशवीचं. खरं चित्र भिंतीवर लावायला बरं दिसत नाही, असं बैठकीत मीच म्हणाले होते.

तर आता सरळ लिहिते. गर्भाशय मुठीएवढं असतं. मूल तिथे वाढतं, मूल राहिलं नाही तर गर्भाशयाचं आतलं अस्तर दर महिन्याला रक्तावाटे बाहेर पडतं. त्याच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे बीजांडकोष असतात. महिन्याला एक बीज पिकून तिथून निघतं, नळीतून गर्भाशयाकडे येतं. आणि बीजापुरतंच त्यांचं काम नसतं. त्यांच्यातून रक्तात जो रस उतरतो, त्यावर बाईची झोप चालते, हाडं टिकतात, अंगातली उष्णता ताळ्यावर राहते. दोन्ही काढले की म्हातारपणाचं दुखणं एका दिवसात अंगावर येतं. मग बाई एकतीस वर्षांची का असेना.

दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली बसून मी हेच तिला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. "मग ते परत बसवता येत्यात का?"

"न्हाई, मावशी."

"गोळ्यांनी?"

"गोळ्यांनी आराम पडेल. त्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील."

तिने गोळ्यांचं पाकीट पदराच्या गाठीत बांधलं. मग आई बोलली. इतका वेळ ती पाठ करून बसली होती. चाळिशीच्या आत तिचं एकच मनगट दोनदा मोडलंय, पहिल्यांदा नुसता हंडा उतरवताना.

"माजे बी काढले असतील का गं?"

"तुला काय सांगितलं होतं?"

"मला कोन सांगतंय? तुज्या बापाला सांगितलं आसंल."

मी म्हटलं, आत चल, आत्ताच बघू. ती चपला घालून फाटकाकडे चालायला लागली. "तुजं लगीन हुऊ दे आधी. लोकं म्हनतील, आयला बी असलंच हाय कायतरी."

आम्ही तिघी एसटीने परतलो. आईची तपासणी अजून झालेली नाही. मी दर आठवड्याला विचारते, ती दर आठवड्याला चिडते. मी विचारणं सोडणार नाही.

हे वाचणाऱ्या माणसा, तुझ्या घरात-शेजारातही पिशवी काढलेली बाई असेल. आई असेल, वहिनी असेल, शेजारीण असेल. आज जेवायला बसायच्या आधी तिला विचार: बीजांडकोष ठेवलेत की काढलेत? तिला सांगता आलं नाही, तर उद्या तिला सरकारी दवाखान्यात ने. आणि लाजू नकोस.